मांजराला फळं द्यावीत का? माझं मत : नकोत

बोक्याची ताई, पुणे

परवा आईशी यावरून चांगलंच वाजलं, म्हणून इथे मांडतेय. दुपारी जेवणं झाल्यावर आमरसाची एक वाटी खालीच राहिली होती आणि आमचा बोका ती मन लावून चाटत होता. मी वाटी उचलली तर आई चिडली. "मुका जीव आहे तो. त्यालाही गोड खावंसं वाटतं. चमचाभर रस चाटला तर काय बिघडलं?"

गोड खावंसं वाटतं, हेच मुळात खरं नाही. जिभेला गोडी कळण्यासाठी दोन प्रथिनांची जोडी लागते. मांजरात त्यातल्या एकाचं जनुक निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवलं. त्यांनी वाघ आणि चित्ताही तपासले, तिथेही तेच निघालं. म्हणजे गोडीपुरतं बोलायचं तर हापूस काय आणि उकडलेला बटाटा काय, मांजराला दोन्ही सारखेच.

बरं, पोषण म्हणावं तर क जीवनसत्त्व मांजराचं यकृत स्वतःच तयार करतं. आंब्याच्या केशरी रंगातल्या बीटा-कॅरोटिनपासून आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, मांजराला तेही जमत नाही. मग उरलं काय? साखर आणि पाणी. माझा बोका साडेसहा किलोचा आहे, नसबंदी झालेला, फ्लॅटच्या बाहेर न पडणारा. मधुमेह नेमका अशाच बोक्यांना गाठतो. त्याला रोज इन्सुलिन टोचायची वेळ मला येऊ द्यायची नाही. म्हणून माझं सरळ मत, मांजराला फळ नको. एक फोडही नको.

मनीची आई, चिपळूण

ताई, काळजी पटली, पण "एक फोडही नको" हे नाही पटलं.

खरबूज कापायला घेतलं की आमची मनी माडीवरून धावत खाली येते. तिला त्यात काय सापडतं ते तिलाच ठाऊक, गोडी नसेल तर वास असेल, गारवा असेल. पण ती खाते आणि तिला ते आवडतं, हे मी गेली पाच वर्षं बघतेय. जिभेला गोड कळत नाही म्हणून पदार्थच वर्ज्य, हा तर्क कसा लावायचा?

आता हिशोब करू. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे वीसेक कॅलरी झाल्या. शंभर ग्रॅम खरबुजात चौतीसच्या आसपास असतात, आणि मी मनीला नखाएवढे दोन तुकडे देते. साल आणि बिया काढून. त्यातून दोन कॅलरीसुद्धा पोटात जात नाहीत. केळ्याचं मात्र वेगळं आहे. एका मध्यम केळ्यात शंभरेक कॅलरी, म्हणजे मांजराचं जवळजवळ अर्ध्या दिवसाचं खाणं. तेव्हा फळाफळात फरक करा ना. तुमच्या बोक्याचं वजन एका वाटी आमरसाने वाढलेलं नाही. दिवसभर भरून ठेवलेल्या कोरड्या खाण्याच्या भांड्याकडे एकदा बघा.

मळेकर, नाशिक

फरक करायचाच असेल तर सुरुवात आमच्या मळ्यापासून करा. द्राक्षं नकोत, बेदाणे तर अजिबात नकोत. कुत्र्यांची मूत्रपिंडं द्राक्षांनी निकामी होतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१ पासून टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातंय. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. मांजरांच्या बाबतीत अशा नोंदी कमी आहेत, कारण मांजर सहसा द्राक्षाला तोंड लावत नाही. पण नोंदी कमी आहेत म्हणून कुणी आपल्या मांजरावर प्रयोग करू नये.

धोका कुठून येतो ते सांगतो. गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं झाकायचं राहिलं आणि मांजरीने कडेकडेने चाटून साफ केलं. ती आली होती तुपासाठी. बेदाणे मात्र तुपाबरोबर तिच्या पोटात गेले असते. आम्ही सगळा शिरा चिवडून बेदाणे मोजत बसलो. तिला काही झालं नाही, पण तो दिवस विसरत नाही.

त्यावरून विचारतो, ताई, तुमच्या आमरसात तूप होतं का?

बोक्याची ताई, पुणे

होतं. आई प्रत्येक वाटीत चमचाभर साजूक तूप आणि चिमूटभर मिरपूड घालते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पानसुपारी, सांगली

मला या धाग्यात सगळ्यांपेक्षा वेगळं बोलायचं आहे. आमच्या घरात मांस-मासे येत नाहीत, अंडंही नाही. दोन वर्षांपूर्वी पावसात एक पिल्लू दारात आलं, ते राहिलं. ते दूधभात खातं, दूधपोळी खातं, पपई आणि केळं खातं. आमच्या आजीच्या वाड्यात कायम पाच-सहा मांजरं असायची, तीही दूधभातावरच जगली. फळं नकोत म्हणता, मग आम्ही द्यायचं काय? प्रेमाने घरचं अन्न दिलं तर ते चुकीचं कसं ठरतं?

सात मांजरांची मावशी, ठाणे

तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण आजीच्या वाड्यातली मांजरं दूधभातावर जगत नव्हती हो. ती उंदरांवर जगत होती. धान्याची कोठी होती, माळा होता, परसात सरडे-चिमण्या होत्या. दूधभात हा त्यांचा वरचा खाऊ होता. आजीला वाटी दिसायची, रात्रीची शिकार दिसत नव्हती.

उंदरातून त्यांना टॉरिन, म्हणजे मांसात असणारं एक पोषक द्रव्य, मिळायचं. मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, आणि भात, पोळी, फळं यांत ते जवळजवळ नसतंच. दुधातही फारच थोडं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होऊ लागतो. गेलेली नजर परत येत नाही. हृदयही पसरट आणि दुबळं होत जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी १९८७ साली हे दाखवून दिलं. धक्कादायक भाग असा की ती मांजरं कारखान्यात बनलेलं तयार खाणं खात होती. त्यात टॉरिन कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. म्हणजे मांसाचं खाणं खाऊनही जे कमी पडू शकतं, ते पपईतून कसं भरून निघणार?

आणि दूध. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. जुलाब होतात आणि आपण म्हणतो, हवा बदलली.

मला तर या फळांच्या वादात खरा धोका हाच दिसतो. खरबुजाच्या दोन तुकड्यांनी मांजर मरत नाही. पण फळं, दूध, भात यांनी त्याचं पोट भरतं, ते धष्टपुष्टही दिसतं, आणि आत काय चाललंय ते कळायला दोन-तीन वर्षं जातात. तुमचं पिल्लू दोन वर्षांचं झालंय. उद्याच दवाखान्यात नेऊन डोळे आणि हृदय तपासून घ्या. स्वयंपाकघरात मांस नको असेल तर मांजरांचं तयार कोरडं खाणं गॅलरीत वेगळ्या भांड्यात ठेवा.

पानसुपारी, सांगली

तपासणी करून घेतो. उंदरांचा मुद्दा कधी डोक्यात आला नव्हता. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, शिकार कुठून होणार. पण त्या खाण्याच्या पिशवीत मांसच असतं ना. आईचं सोवळं आहे, तिला कसं सांगू कळत नाही. पपई मात्र मी बंद करणार नाही, तो पिल्लाचा आणि माझा सकाळचा वेळ आहे.

सात मांजरांची मावशी, ठाणे

पपई द्या, नखाएवढी. आईंना एवढंच विचारा, गाईला आपण मांस घालू का? नाही. मग मांजराला गवतावर ठेवणं हाही त्याच्या धर्माविरुद्धच वागणं झालं.

अजून काही लक्षात ठेवा. सीताफळाच्या बिया मांजराच्या वाटेत पडू देऊ नका. त्यांची पूड पूर्वी उवा मारायला वापरायचे, आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा व्हायची, इतक्या त्या जहाल. अव्होकाडो नको. कांदा-लसणाची आमटी कालवलेला भात तर कुठल्याही फळापेक्षा वाईट, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मनीची आई, चिपळूण

आणि लिंबू-संत्रं? मनी तर वासानेच पळते.

सात मांजरांची मावशी, ठाणे

पळते तेच बरं. पण कुंड्यांपाशी मांजर येऊ नये म्हणून लोक संत्र्याचं तेल शिंपडतात. ते अंगाला लागतं आणि मग ती चाटून काढते. सालीतलं तेलच घातक असतं.

बोक्याची ताई, पुणे

आज दुपारी आईच्या समोरच दोन वाट्या ठेवल्या. एकीत नुसता रस, दुसरीत वर तूप सोडलेला. दोन्ही चमचा-चमचाच, मिरपूड न घालता. बोक्याने पहिली हुंगली आणि सोडली. दुसरीवरचं तूप अलगद चाटून घेतलं, खालचा रस तसाच. आई बघत राहिली. म्हणाली, "मग त्याला नुसतं तूपच देते." तेही वजनाच्या दृष्टीने नको, यावर आता नव्याने बोलणं सुरू आहे.

मनीची आई, चिपळूण

तुमच्या बोक्याचं कळलं. पण मनीच्या खरबुजाला मी कधी तूप लावलेलं नाही, आणि आत्ताही ती विळीपाशी बसून वाट बघतेय. आजचे दोन तुकडे मी तिला देणार आहे.