१९६७ ची एमजीबी : ब्रेक सोडल्यावरही पुढचं डावं चाक पकडून राहतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा. गाडी बाबांची, १९६७ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा दोन दिवस चाकं अर्धी बुडालेली होती. नंतर मी इंजिनमागे लागलो आणि ब्रेक राहून गेले. चूक माझीच. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. दिवाळीआधी त्यांना शेजारी बसवून सूरसागर तलावाला एक फेरी मारायची आहे.

पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक ऑइलची लाइन एकाच सर्किटची, म्हणजे कुठेही गळलं तर चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून अंदाजाने काही करायचं नाहीये.

गाडी ब्रेक मारताना सरळ थांबते, पण पाय काढल्यावर डावीकडे ओढते. अकोटा पुलापर्यंत जाऊन आलो, तर डाव्या तारांच्या चाकाच्या मधल्या नटाला हात लावताच चटका बसला. उजवा नुसता कोमट.

जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडला, चाक हाताने हलेना. कॅलिपरचा (पिस्टनच्या जोराने डिस्कला पॅड आवळणारा भाग) निपल, म्हणजे हवा-ऑइल बाहेर काढायचा स्क्रू, जरासा सैल केला, चहाच्या रंगाच्या ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. पिस्टन गंजून अडकला असता तर निपल उघडून सुटला नसता ना? आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणारा) ऑइल परत घेत नसता तर उजवं चाकही जाम झालं असतं. म्हणून माझा संशय रबरी होसवर, म्हणजे लोखंडी पाइप आणि कॅलिपर यांना जोडणाऱ्या नळीवर आहे. बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगला असेल तर पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, मागे येत नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात, कॅलिपरचे दोन भाग वेगळे करून पॉलिश पेपर मारू. मॅन्युअलमध्ये गरज नसताना ते भाग वेगळे करू नका असं आहे, त्यामुळे मी थांबवलंय.

होसच्या आधीचा लोखंडी पाइपचा जोड सैल करून चाक सुटलं नाही, तर दोष होसचाच असं धरायचं का? दोन्ही बाजूंचे होस बदलणारच आहे, पण इथल्या हायड्रॉलिक होसवाल्याकडून बनवून घ्यायला मन धजत नाही. कुणी घेतलेत का, की इंग्लंडहूनच मागवू? पिस्टनवरचं रबरी डस्ट कव्हर उचललं तर पिस्टनच्या क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके दिसतात. आता स्टेनलेसचे टाकावेत का? नवं ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचंच भरणार, सिलिकॉनचं डॉट ५ नाही.

मागचे ड्रम अजून उघडले नाहीत. गाळ असणारच. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.