शब्दचर्चा : ‘रनिंग मेट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीबद्दल मराठीत लिहायला बसलं की दर चार वर्षांनी ‘रनिंग मेट’पाशी, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतलेल्या उमेदवारापाशी, लेखणी अडते. ‘सहउमेदवार’, ‘साथीदार’, ‘धावसोबती’ असे पर्याय वाचनात येतात. यातला कोणता घ्यावा? दुसरं, नाव जाहीर होण्याआधी जी चर्चा रंगते तिच्यातल्या माणसांना ‘संभाव्य’, ‘इच्छुक’, ‘दावेदार’ असं सरसकट म्हटलं जातं. ते बरोबर आहे का?

उत्तर :
‘धावसोबती’ आधी बाद करा. मराठीत माणूस निवडणुकीला उभा राहतो, निवडणूक लढवतो, रिंगणात उतरतो. तो धावत नाही. ‘रन’ हे क्रियापद अमेरिकी इंग्रजीचं. ब्रिटिश इंग्रजीतही उमेदवार आपल्यासारखा उभाच राहतो. मूळ शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. एकाच तबेल्यातले दोन घोडे उतरवायचे, एक जिंकण्यासाठी आणि दुसरा त्याला हवी ती गती राखून देण्यासाठी. हा दुसरा घोडा म्हणजे रनिंग मेट. एकोणिसाव्या शतकात तो शब्द राजकारणात आला आणि दुय्यम उमेदवाराला चिकटला.

‘सहउमेदवार’ नेटका दिसतो, पण फसवा आहे. सहप्रवासी, सहअध्यायी, सहस्पर्धक या शब्दांत ‘सह’ म्हणजे बरोबरीचा, त्याच रांगेतला. त्या हिशेबाने एका मतदारसंघात उभे असलेले सगळेच एकमेकांचे सहउमेदवार, विरोधकसुद्धा. रनिंग मेट बरोबरीचा नसतो आणि विरोधक तर नसतोच. बातमीत अचूक लिहायचं असेल तर ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ हाच शब्द घ्यावा. लांब आहे, पण चुकत नाही.

दुसरं मत :
‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ चुकत नाही हे खरं, पण अर्थाचा अर्धा भाग त्यात येत नाही. याला कुणी निवडलं, हे त्यातून कळत नाही. पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी औपचारिक शिक्कामोर्तब करतात, पण नाव ठरवतो तो अध्यक्षपदाचा उमेदवार. हे नेहमीच असं नव्हतं. पूर्वी पक्षाचे पुढारी अधिवेशनात नाव ठरवत. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्यासाठी हट्ट धरला, तिथून उमेदवाराची पसंती हाच नियम होत गेला. १९५६ मध्ये अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी निवड मुद्दाम अधिवेशनावर सोपवली. तिथे एस्टेस केफॉव्हर यांनी जॉन केनेडींना हरवलं.

म्हणून मराठीत नाम शोधत बसण्यापेक्षा ‘जोडीला’ वापरून पाहा. ‘जोडीला कोण?’, ‘ट्रम्प यांच्या जोडीला व्हान्स’, ‘हॅरिस यांनी वॉल्झ यांना जोडीला घेतलं’. मुख्य माणूस कोण, घेतलेला कोण आणि घेणारा कोण, हे तिन्ही अर्थ मराठी वाचकाला खुलासा न करता कळतात. मथळ्यातही बसतं. नुसतं ‘जोडीदार’ मात्र टाळा, त्याचा पहिला अर्थ नवरा किंवा बायको. ‘ओबामांचा जोडीदार’ वाचून क्षणभर अडखळायला होतं.

शंका :
आपल्याकडचं ‘पॅनेल’ का नाही चालणार? महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात एका पक्षाचे उमेदवार पॅनेल करूनच लढतात. लोकांच्या तोंडी तो शब्द आहे.

उत्तर :
पॅनेल फुटतं, म्हणून चालणार नाही. २०१७ च्या पुणे महापालिका निवडणुकीत चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत होतं. मतदार एका पक्षाचा ‘अ’ आणि दुसऱ्याचा ‘ब’ निवडू शकत होता. अमेरिकेत मतपत्रिकेवर दोन नावं एकत्र छापलेली असतात आणि खूण एकच असते. अध्यक्ष या पक्षाचा आणि उपाध्यक्ष त्या पक्षाचा, असं मत देण्याची सोय मतदाराला नाही.

मात्र हे बंधन मतदारापुरतंच. त्यानंतर राज्यांचे निर्वाचक, म्हणजे मतदारांच्या वतीने अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, जमतात तेव्हा ते अध्यक्षासाठी एक आणि उपाध्यक्षासाठी एक अशी दोन वेगळी मतं देतात. हा बदल १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने आला. त्याआधी प्रत्येक निर्वाचक दोन मतं देई, सर्वाधिक मतांचा तो अध्यक्ष आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष झाले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली. तो पेच प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्यांनंतर सुटला. तेव्हा १८०४ च्या आधीच्या कुणालाही ‘रनिंग मेट’ म्हणताना जपून.

निर्वाचकांच्या हातून जोडी फुटण्याचं ठळक उदाहरण १८३६ चं. व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी मार्टिन व्हॅन ब्यूरन यांना मत दिलं, पण त्यांच्या जोडीच्या रिचर्ड जॉन्सन यांना नाकारलं. जॉन्सन १४७ वर अडकले, हवी होती १४८. शेवटी सेनेटने त्यांना निवडलं.

‘तिकीट’बद्दल :
खरा सापळा इथे आहे, कारण शब्द ओळखीचा वाटतो. मराठीत तिकीट म्हणजे पक्षाची उमेदवारी. ते मिळतं, कापलं जातं, त्यासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात. अमेरिकेत तिकीट म्हणजे उमेदवारांची यादी. एकोणिसाव्या शतकात पक्ष स्वतःच मतपत्रिका छापून वाटत. त्या कागदावर पक्षाची सगळी नावं ओळीने असत आणि त्या कागदालाच तिकीट म्हणत. अध्यक्षपदाच्या संदर्भात आज त्याचा अर्थ उरला आहे दोन नावांची जोडी.

त्यामुळे ‘डेमोक्रॅटिक तिकिटावर दोन सिनेटर’ हे वाक्य जसंच्या तसं आणलं तर मराठी वाचक दोन वेगळ्या जागा समजतो. ‘डेमोक्रॅटिक जोडीत दोघेही सिनेटर’ असं लिहावं. तसंच ‘बॅलन्स्ड तिकीट’ म्हणजे समतोल जोडी: एक उत्तरेचा तर दुसरा दक्षिणेचा, एक मुरलेला तर दुसरा तरुण. १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना घेतलं, तो समतोल. १९९२ मध्ये आर्कान्सोच्या क्लिंटन यांनी शेजारच्या टेनेसीचे, जवळपास आपल्याच वयाचे अल गोर घेतले आणि हा संकेत मोडला. तरीही ते जिंकले. समतोल हा हमखास नियम म्हणून लिहू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

अटकळींच्या शब्दांबद्दल :
प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडला, म्हणून त्याविषयी. ‘इच्छुक’ हा शब्द इथे चुकीचं चित्र उभं करतो. आपल्याकडे इच्छुक अर्ज देतात, पक्ष त्यांच्या मुलाखती घेतो, बॅनर लागतात. अमेरिकेत उपाध्यक्षपदासाठी उघडपणे हात वर करणं शिष्टसंमत नाही. नाव चर्चेत असलेला माणूस ‘मी आहे त्या कामात समाधानी आहे’ असंच म्हणतो. ‘दावेदार’ही नको. दावा असतो तो पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका लढवणाऱ्यांचा, इथे तर निवडीचा अधिकार एकाच माणसाकडे आहे. ‘चर्चेतलं नाव’ हा साधा शब्द सगळ्यांत प्रामाणिक.

बातमी किती पक्की आहे त्याप्रमाणे आपल्याकडे शब्दांची चांगली उतरंड आहे, ती वापरावी. आगापीछा नसलेली ती वावडी. थोड्या खुणांवरून बांधली ती अटकळ. मागच्या उदाहरणांवरून काढला तो कयास. कागदपत्रं मागवली गेल्याचं कळलं तर ‘नाव विचाराधीन’. ‘वर्णी लागली’ किंवा ‘गळ्यात माळ पडली’ हे घोषणेनंतरच.

‘प्रिझम्प्टिव्ह नॉमिनी’चं भाषांतर ‘संभाव्य उमेदवार’ असं करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. संभाव्य म्हणजे होईल किंवा न होईल. इथे पुरेसे प्रतिनिधी मिळालेले असतात, फक्त अधिवेशनातली औपचारिकता उरलेली असते. ‘निश्चितप्राय उमेदवार’ लिहा. उपाध्यक्षपदाच्या जोडीदारीची अटकळ नेमकी याच काळात भरात असते, त्यामुळे एकाच बातमीत निश्चितप्राय आणि चर्चेतला असे दोन्ही येतात. दोघांनाही ‘संभाव्य’ म्हटलं की घोटाळा होतो.

दुरुस्ती :
‘व्हेटिंग’साठी ‘छाननी’ वापरलेली दिसते, तीही नको. मराठीत उमेदवारी अर्जांची छाननी हा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरचा कायदेशीर टप्पा आहे. ‘अमुक गव्हर्नर छाननीत बाद’ वाचून अर्जावर सही राहिली असावी असं वाटतं. व्हेटिंग हे उमेदवाराच्या वकिलांनी खासगीत केलेलं काम: करविवरणपत्रं, आरोग्याचे कागद, जुनी भाषणं, जोडीदाराचे व्यवसाय, कोर्टकज्जे. ‘पूर्वचौकशी’ किंवा ‘पडताळणी’ म्हणावं. गंमत अशी की ‘व्हेटिंग’ हाही शब्द तबेल्यातलाच, घोडा पशुवैद्याकडून तपासून घेणं हा त्याचा मूळ अर्थ.

या कामाला आजचं काटेकोर रूप १९७२ नंतर आलं. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी अधिवेशनाच्या गडबडीत थॉमस ईगलटन यांना निवडलं. नैराश्यासाठी ते रुग्णालयात राहिले होते, त्यांना विजेचे झटके देण्यात आले होते, ही माहिती नंतर बाहेर आली. अठरा दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली आणि सार्जंट श्रायव्हर आले. चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी वेळ घेऊन, एकेकाला बोलावून, मुलाखती घेऊन वॉल्टर माँडेल निवडले. पुढे बहुतेकांनी तीच रीत धरली. २००० मध्ये तर जॉर्ज बुश यांच्यासाठी शोध घेणाऱ्या डिक चेनी यांचीच निवड झाली.

पुरवणी, चेनींवरून :
‘दोघे एकाच राज्याचे असू शकत नाहीत’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. नियम तसा नाही. निर्वाचकाने दोन्ही मतं आपल्याच राज्यातल्या रहिवाशांना देऊ नयेत, एवढाच तो आहे. म्हणजे अडचण फक्त त्या एका राज्याच्या मतांची. पण ती महागात पडू शकते. बुश टेक्ससचे आणि चेनीही तेव्हा तिथेच राहत होते. त्यांनी २००० च्या जुलैत मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. निकालात या जोडीला निर्वाचकांची २७१ मतं मिळाली, लागत होती २७०. टेक्ससची ३२ वजा केली असती तर चेनी २३९ वर आले असते आणि निवड सेनेटकडे गेली असती. २०२४ मध्ये मार्को रुबिओ यांचं नाव चर्चेत होतं तेव्हा फ्लोरिडाच्या ३० मतांबद्दल हाच प्रश्न निघाला.

आणि उमेदवाराच्या राज्याला ‘बालेकिल्ला’ म्हणू नका, ‘गृहराज्य’ म्हणा. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स जोडीला असून त्यांचं नॉर्थ कॅरोलायना हातचं गेलं, २०१२ मध्ये पॉल रायन जोडीला असून त्यांचं विस्कॉन्सिन गेलं.

शंका :
श्री ठाणेदार यांच्यासारख्या मराठी खासदाराचं नाव अशा चर्चेत येऊ शकतं का?

उत्तर :
नाही. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, पण त्यांचं नागरिकत्व नंतर घेतलेलं आहे. अध्यक्षाला जन्मसिद्ध नागरिकत्व, वयाची ३५ वर्षं आणि देशात १४ वर्षांचं वास्तव्य लागतं. जो अध्यक्षपदाला अपात्र तो उपाध्यक्षपदालाही अपात्र, असं बारावी दुरुस्ती स्पष्ट सांगते. कमला हॅरिस यांची गोष्ट वेगळी, त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा.

आणखी एक :
हिंदीवरून उचलून ‘अमेरिकेचे उपराष्ट्रपती’ लिहू नये. मराठीत राष्ट्रपती-उपराष्ट्रपती भारतापुरते ठेवून परदेशासाठी अध्यक्ष-उपाध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्ष वापरायची पद्धत आहे, आणि ती उपयोगाची आहे. आपल्या उपराष्ट्रपतींना संसदेचे सदस्य स्वतंत्रपणे निवडतात, तिथे जोडीचा प्रश्नच येत नाही. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर ते नवी निवडणूक होईपर्यंतच काम पाहतात. अमेरिकी उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष होतो. १८४१ मधल्या जॉन टायलर यांच्यापासून नऊ जण असे अध्यक्ष झाले.

त्या नऊंतले जेरल्ड फोर्ड यांना कुणाचाही रनिंग मेट म्हणता येत नाही. १९७३ मध्ये पंचविसाव्या दुरुस्तीनुसार निक्सन यांनी त्यांचं नाव सुचवलं आणि दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली. ते ‘नियुक्त उपाध्यक्ष’.

शेवटची शंका :
‘वीप’ (उपाध्यक्षाचं इंग्रजीतलं बोलीभाषेतलं नाव) आणि ‘वीपस्टेक्स’ (उपाध्यक्षपदासाठी कुणाचं नाव लागणार याची चढाओढ) देवनागरीत कसे लिहावेत?

उत्तर :
‘वीप’ असंच, ‘व्हीप’ कधीच नाही. मराठीत व्हीप म्हणजे पक्षादेश, जो आमदारांवर बजावला जातो. ‘व्हीपची घोषणा उद्या’ असं छापलं तर वाचक विधानसभेत मतदान आहे असंच समजेल. ‘वीप’ हे लाडकं नाव ट्रूमन यांचे उपाध्यक्ष आल्बन बार्कली यांच्या नातवाने सुचवलं, तिथून ते रुळलं. ‘वीपस्टेक्स’ म्हणजे वीप आणि स्वीपस्टेक्स यांची सांधजोड. स्वीपस्टेक्स हा पैजेचा शब्दही शर्यतीच्या मैदानावरचाच, पण मराठीत तो आणायची गरज नाही. ‘जोडीला कोण?’ या दोन शब्दांत काम भागतं.