दक्षिणेच्या खिडकीला छज्जा किती सोडावा?

जुळेसोलापूरकर: घर बांधतोय. आईची खोली दक्षिणेला. थंडीत पलंगावर बसल्या बसल्या ऊन मिळावं, एवढीच तिची मागणी. खिडकी ४ फूट उंच, कट्टा अडीच फुटांवर. मिस्त्री म्हणतो, ३ फुटांचा छज्जा सोडा, नाहीतर मे महिन्यात भाजून निघाल. मामा म्हणतात, दक्षिणेला खिडकीच नको. लिंटेलचं (खिडकीवरच्या आडव्या तुळईचं) काँक्रीट परवा आहे.

रेघोट्या: मामांना चहा द्या आणि मिस्त्रीशी बोला. त्याची भीती खरी आहे, दिशा चुकली आहे. सोलापूर १७.७ अक्षांशावर; मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि पुढे ऑगस्ट लागेपर्यंत उत्तरेला कललेला असतो. तेव्हा दक्षिणेची भिंत जवळजवळ सावलीतच. डिसेंबरअखेर मात्र तो भर दुपारीही ४९ अंशांवरच चढतो. लिंटेललगत ३ फूट छज्जा टाकलात, तर त्याची सावली साडेतीन फूट खाली उतरेल. उरलेल्या अर्ध्या फुटात आई काय शेकणार?

दीड फूट पुरे. डिसेंबरात खालचे सव्वादोन फूट उन्हात, सकाळी ९ ला त्याहून थोडे जास्तच. २१ मार्चला सूर्य ७२ अंशांवर गेला की अख्खी खिडकी झाकली जाते. तिरपं ऊन बाजूने शिरू नये म्हणून छज्जा दोन्हीकडे फूट-दीड फूट लांबवा. आणि पलंग खिडकीला लावूनच ठेवा. दुपारी पलंगाच्या उंचीवर ऊन तीनेक फुटांपलीकडे जात नाही.

मे महिन्यात भाजते ती पश्चिम. कलतं ऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं, कितीही रुंद करा. तिकडे जिना, संडास-बाथरूम ढकला.

होटगीरोड: हिशोब बरोबर, पण ऑक्टोबर विसरलात. २१ ऑक्टोबर आणि २० फेब्रुवारीला सूर्य साधारण एकाच उंचीवर असतो, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यातही त्या खिडकीत फूट-सव्वा फूट ऊन येणारच.

रेघोट्या: खरंय. छज्ज्याने तो प्रश्न पूर्ण सुटत नाही, दोन फूट केला तर डिसेंबरचं ऊनही अर्ध्या फुटाने घटतं. बाहेरून बांबूची चिक लावा, दिवाळी झाली की गुंडाळून ठेवा. आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

जुळेसोलापूरकर: मिस्त्रीला दीड फूट सांगितलं. आता म्हणतो, पाऊस आत येईल.

होटगीरोड: सोलापुरात? येऊ दे की!