पिको म्हणजे बेट का पहाड? वहीत दोन्ही लिहून आहे

अभ्यासिका_दारव्हा:
भूगोलवालं कोणी आहे का इथं? गावच्या अभ्यासिकेत दोन दिवसांपासून वाद सुरू आहे. माझ्या वहीत पिको हे ज्वालामुखी बेट आहे, मैत्रिणीच्या नोट्समधे पिको म्हणजे पोर्तुगालचा सर्वात उंच पर्वत, २३५१ मीटर, अन एका पीडीएफमधे पिकोची उंची २८२९ दिली आहे. मी तं तिन्ही ओळी पेन्सिलनं खोडून टाकल्या. पेपर जवळ आला, पाठ काय करू?

भूगोल_मास्तर:
बेटा, खोडू नको, तुझंही बरोबर अन तिचंही. अटलांटिक महासागरात पोर्तुगालची अझोर्स नावाची ९ बेटं आहेत, त्यातलं एक पिको, अन त्या बेटावर जो ज्वालामुखी उभा आहे तोही पिकोच. पोर्तुगीजमधे पिको म्हणजे शिखर, पहाडावरूनच बेटाला नाव पडलं. आपल्याकडं लोणार गावही आहे अन सरोवरही, तसंच समज (फक्त नावापुरतं हं, लोणार उल्केच्या धडकेनं झालं, ज्वालामुखीनं नाही, तिथं पोरं हमखास चुकतात). २३५१ पक्का धर. २८२९ वाला वेगळा, तो पिको दो फोगो, केप व्हर्देमधला. तिथं बेटाचं नाव फोगो, म्हणजे आग. तो देश १९७५ पर्यंत पोर्तुगीजांकडं होता म्हणून शब्द तोच. पीडीएफवाल्यानं 'दो फोगो' गाळलं असेल.

कास्तकार_अकोट:
मास्तरनं बरोबर सांगतलं. म्या त्या पिकोवरच्या अंगुराच्या वाड्या व्हिडिओत पाह्यल्या, सारा लाव्ह्याचा काळा गोटा, माती नावाले. लोकायनं थोच गोटा वेचून, चुना नाही सिमेंट नाही, नुसत्या एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या अन एकेका खणात थोडे थोडे वेल लावले, भिंतीनं समुद्राचा खारा वारा अडते अन दिवसा तापलेला गोटा वेलाले ऊब देते. २००४ मधे युनेस्कोनं त्याले जागतिक वारसा केलं. आमच्या बुढ्यानं वावरातले गोटे वेचू वेचू धुऱ्यावर असाच बांध रचला होता, मले थोच आठवला. आपली काळी मातीही लाव्ह्याचीच हाय, पण थो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, ऊनपाण्यानं झिजू झिजू त्याची माती झाली म्हणून कपाशी उभी राह्यते. पिको १७२० मधे शेवटचा फुटला, तेवढ्यात कुठून येईन बाप्पा काळी माती.

अभ्यासिका_दारव्हा:
सर, दादा, खूप आभार. ओळी परत लिहून काढल्या, 'दो फोगो' लाल पेननं. तो फोगो आता शांत आहे का?

भूगोल_मास्तर:
नाही बेटा, जिवंत आहे. नोव्हेंबर २०१४ मधे फुटला, फेब्रुवारी २०१५ पर्यंत लाव्हा वाहत होता, पोर्तेला अन बांगाएरा ही दोन गावं त्याखाली गेली. लाव्हा थंडावल्यावर लोक परत त्याच जागी गेले, घरं बांधली अन पुन्हा द्राक्षं लावली.