मदत हवी आहे: गूगल स्कॉलरवर माझ्या नावात भलत्याच बाईचे पेपर!

शोधार्थी_नागपूर
स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या साइटवर, प्रोफाइल बनवलं तर कोण्या डॉक्टर मॅडमचे पेपर येऊन बसले, माझे दोन दिसूनच नाही राहिले. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) फॉर्ममध्ये लिंक द्यायची आहे, शुक्रवार शेवटची तारीख. लवकर सांगा प्लीज.

फुटाळा_काठ
विषय कोणता? पेपरवर नाव कसं आहे? डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबर, आहे का? काहीच नाही सांगितलं तं काय सांगणार?

गेटवाला
स्कॉलर सोडा न, रिसर्चगेटवर या, संशोधकांची सोशल साइट आहे. पीडीएफ टाकून द्यायची, लोक वाचतात. मला पोलंडचा सहलेखक तिथंच भेटला.

ग्रंथपाल_धरमपेठ
सरसकट पीडीएफ टाका असं नका सांगू. जर्नलमध्ये छापलेली प्रत टाकायचा हक्क बहुतेकदा आपल्याकडे नसतो. 2017 मध्ये एल्सेविअर आणि एसीएस (अमेरिकन केमिकल सोसायटी) हे जर्नलांचे प्रकाशक याच कारणाने रिसर्चगेटविरुद्ध कोर्टात गेले होते.

गेटवाला
सगळेच टाकतात, कोणाला काय झालं?

संत्रा_मार्केट
जर्नल यूजीसी केअरमध्ये, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत, आहे न?

फुटाळा_काठ
ती यादी यूजीसीने 2025 मध्ये बंद केली, अन् तिनं ते विचारलंही नाही.

शोधार्थी_नागपूर
केमिस्ट्री. दोन पेपर लग्नाआधीच्या आडनावाने, एक आताच्या. डीओआय तिन्हींना आहे.

ग्रंथपाल_धरमपेठ
मग सोपं आहे ताई. प्रोफाइलमध्ये त्या मॅडमच्या पेपरांपुढे टिक करून डिलीट करा, मग वरच्या अधिकच्या चिन्हावर जाऊन जुन्या आडनावाने शोधा आणि आपले दोन घ्या. अपडेट आपोआप होऊ देऊ नका, आधी ईमेलवर विचारा हा पर्याय निवडा, नाही तं ते पेपर परत येतील. आणि ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख नंबर, काढाच, फुकट आहे, 16 अंकी नंबर मिळतो, त्यात जुनं नावही नोंदवता येतं आणि डीओआय टाकला की पेपर येतो. आडनाव बदललेल्या मुलींना याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच आधी करायला लावते.

शोधार्थी_नागपूर
झालं! तिन्ही आले!! ऑर्किडपण काढलं. पण मैत्रीण स्कॉलरवर नाव टाकून शोधते तं प्रोफाइल येतच नाही, पब्लिक केलं आहे तरी.

ग्रंथपाल_धरमपेठ
जीमेल दिला का? शोधात यायला संस्थेचा ईमेल टाकून व्हेरिफाय करावा लागतो.

शोधार्थी_नागपूर
आमच्याकडे रिसर्च स्कॉलरला संस्थेचा मेल देतच नाहीत, दोनदा अर्ज केला.

फुटाळा_काठ
हे चूक आहे राव, पाच वर्षं काम करायचं अन् साधा मेल नाही. गाईडची सही घेऊन परत द्या अर्ज.

ग्रंथपाल_धरमपेठ
तो द्याच, पण शुक्रवारसाठी थांबू नका. प्रोफाइल पब्लिक असलं की लिंक कोणालाही उघडते. लॉगआउट करून एकदा उघडून बघा, मग फॉर्ममध्ये टाका.