‘अत्तर घातलेलं गरम पाणी’ म्हणणाऱ्यांसाठी

बेदाणा_सांगली: काल इथं एकानं लिहिलं, ‘फ्लेवरवाला चहा म्हणजे अत्तर घातलेलं गरम पाणी.’ एका ओळीत निकाल! राहवलं नाही म्हणून लिहितोय. पुतण्यानं अशा चहांचे डबे आणून दिले, आठवडाभर घरात तेच चाललंय.

अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या इटलीकडच्या आंबट फळाच्या सालीचं तेल असतं. पहिला घोट ईडलिंबू सोलल्यासारखा. सवयीनं दूध घातलं, वाया गेला. जॅस्मिनमध्ये मोगऱ्याच्या कळ्या रात्री उमलताना चहाच्या पानांत मिसळून ठेवतात, नंतर फुलं काढून टाकतात, वास तेवढा मागे राहतो. पहिल्या दिवशी देवघरात बसून चहा पितोय असं वाटलं, तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतला. आणि लाप्सांग सूशाँग! चीनच्या फूच्येनमधला, पाइनच्या धुरावर वाळवलेला. डबा उघडला तर थेट गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी. बायको म्हणाली, आधी खिडकी उघडा.

पोवईनाका: ते लिहिणारा मीच. ईडलिंबू झालं, देवघर झालं, धूर झाला. चहा कुठाय यात? ग्रीन टी मीही प्यायलोय, ऑफिसात फुकट होता म्हणून. कडूजार पाला.

बेदाणा_सांगली: उकळलात ना? त्याला ७५-८० अंशांचं पाणी पुरतं. खळाखळा उकळायची ती आपली दाणेदार सीटीसी चहापूड.

पोवईनाका: आता चहाला थर्मामीटर लावायचा! आमच्यात गवती चहाची पात, आलं, गूळ, विषय संपला. सांगलीकरांनी हळद विकावी, चहा शिकवू नये.

बेदाणा_सांगली: हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, काळजी नसावी.

माजघर: अहो पोवईनाका, गवती चहाची पात म्हणजे फ्लेवर नाही तर काय? ते राहू दे. गुळाचा चहा माझा दर दोन दिवसांनी फाटतो, सासूबाई दुधाला नावं ठेवतात. कुणी सांगेल का?

गुळव्याचा_नातू: फाटणारच. पिवळाधमक गूळ आणता ना? हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, मारलेला असतो तो. आमचे आजोबा कराडकडच्या गुऱ्हाळावर गुळवे. काहिलीत भेंडीचा चीक घालून मळी काढायचे, ढेप निघायची तपकिरी. आज ती ढेप बाजारात नेली की व्यापारी नाक मुरडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, काळा गूळ नको. मग रसायन घालणाऱ्याला शिव्या कशाला देता? पिवळा मागणारे तुम्हीच!

पोवईनाका: गुळाच्या रंगानं चहा फाटत नसतो. आंबूस गूळ उकळत्या दुधात टाकला की फाटतो, काळा असो नाहीतर पिवळा. गॅस बंद करा, मग गूळ घाला. आमची आई चाळीस वर्षं तसंच करते.

गुळव्याचा_नातू: म्हणजे आमचे आजोबा खोटे?

पोवईनाका: आजोबांना कोण काय बोललं? उगाच अंगावर घेऊ नका!

माजघर: गॅस बंद करून घातला. नाही फाटला. (सासूबाई म्हणतात, दूधच आज चांगलं होतं.)

गुळव्याचा_नातू: असेल. पण गूळ कुठला होता तेही लिहा.

बेदाणा_सांगली: धागा माझा चहाचा होता, सहज आठवण करून देतोय.

पोवईनाका: तो धुराचा डबा उरलाय का? शनिवारी सांगलीत आहे. पटलंय असं समजू नका, चुलवाणाचं म्हणालात म्हणून विचारतोय. गूळ घालून बघेन म्हणतो.

बेदाणा_सांगली: या. डबा देतो, गूळ घातलात तर हिसकावून घेईन.