शब्दचर्चा: पंखावरची फिल्म सोलायची, सोडवायची की उतरवायची?

एरोमॉडेलिंग (छोटी मॉडेल विमानं बनवणं) करणाऱ्या शाळकरी मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. विषय असा: बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाच्या पंखावरची जुनी मोनोकोट किंवा ओराकव्हर (इस्त्रीने चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म) काढायची आणि पंख नव्याने मढवायला तयार करायचा. 'मढवणे' आपसूक आलं, पखवाज मढवतात तसं. अडलंय ते उलट क्रियेपाशी. 'काढणे' फार मोघम वाटतं. सोलणे, उचकटणे, ओरबाडणे, खरवडणे यांतलं काय घ्यावं? शिवाय गरम केल्यावर फिल्मचं जे होतं त्याला 'आकसणे' म्हणू की 'आखडणे'? मुलं सरळ 'श्रिंक होते' म्हणतात.

प्रतिसाद १
सोलणेच! लसूण सोलतो, वाटाणा सोलतो. वरचं जातं, आतलं राहतं. ओरबाडायला नखं लागतात आणि उचकटायला पहार. खरवडणे पातेल्यासाठी राहू द्या.

प्रतिसाद २
'सोलणे'ला माझा विरोध आहे. सोलताना आपण साल धरतो आणि वर ओढतो. फिल्म तशी ओढली की तिच्याबरोबर बाल्साची ढलपी निघते, कारण हे लाकूड नखानेसुद्धा दबतं.

खरी कृती अशी. एक कोपरा इस्त्रीने नाहीतर हीट गनने गरम करायचा. मागचा डिंक मऊ झाला की कड उचलून पूर्ण उलटी दुमडायची आणि पंखाला जवळजवळ टेकवून, सपाट, मागे मागे न्यायची. जिथून फिल्म सुटतेय तिथे ऊब देत राहायचं. दिशा लाकडाच्या रेशांची, आडवी नाही. रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) मधल्या मोकळ्या जागेत फिल्म कशालाच चिकटलेली नसते. तेवढी आधी ब्लेडने कापून टाकली की पट्ट्या सुटसुटीत होतात. फक्त ब्लेड रिबेवर किंवा स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काठीवर) चालवायचं नाही.

डिंक मऊ व्हायला जेवढी उष्णता लागते त्याहून जास्त फिल्म आकसायला लागते. गन फार जवळ धरली तर फिल्म सुटायची राहते आणि तिथेच गोळा होऊन बसते.

म्हणून माझा शब्द 'सोडवणे'. 'सुटत नसेल तर ओढू नका, पुन्हा ऊब द्या' हे मुलाला लगेच कळतं. 'सोलली जात नसेल तर' म्हणून बघा.

प्रतिसाद ३
'आखडणे' नको, ते शिरांचं आणि पाठीचं. 'आकसणे' बरोबर. ही फिल्म कारखान्यात ताणून बनवलेली असते. उष्णता मिळाली की ती मूळ मापाकडे परतू बघते. हलगी शेकून चढवतात त्याची इथे आठवण होते खरी, पण तिथे कातड्यातला ओलावा जातो, कारण वेगळं. तेव्हा क्रिया 'आकसणे' आणि परिणाम 'ताठ बसणे'. सैल पडलेल्या जुन्या फिल्मवर दिसतात त्यांना 'चुण्या' म्हणा. 'सुरकुत्या' म्हटलं की आजी आठवते.

धागाकर्ता
आकसणे पक्कं. आता पुढचा पेच. जुनी मोनोकोट सोडवली की बऱ्याचदा पारदर्शक पापुद्रा हातात येतो आणि रंग लाकडावरच राहतो. ओराकव्हर त्या मानाने स्वच्छ निघते. या उरलेल्या रंगाला 'पोपडा' म्हणू का?

प्रतिसाद २
पोपडा वाळलेला असतो, आपला आपण उठतो. हा चिकट. फिल्मचा रंग डिंकाच्या बाजूला असतो, म्हणून दोन्ही एकत्रच मागे राहतात. 'चिकटा' म्हणा.

आणि इथे क्रियापद फार जपून. 'घासणे' लिहिलंत तर मुलं पॉलिश पेपर घेऊन बसतील. तो दोन मिनिटांत चोंदतो आणि मऊ लाकडात खड्डे पडतात ते वेगळेच. चिकटा 'पुसायचा' असतो: फडक्यावर अ‍ॅसिटोन किंवा थिनर घेऊन, फडकं बदलत, खिडक्या उघड्या ठेवून आणि इस्त्री बंद करून. आत थर्माकोल असलेला पंख असेल तर यातलं काहीच वापरायचं नाही. वरच्या पातळ बाल्सातून अ‍ॅसिटोन झिरपतं आणि आतला थर्माकोल विरघळतो. ही ओळ टिपणात ठळक छापा, शब्द कुठलाही निवडा.

पॉलिश पेपर शेवटी, हलक्या हाताने. त्याआधी कुठे खळगा पडलेला दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून इस्त्री टेकवा. दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले असतील तर मात्र लांबीच (पुट्टी) भरावी लागते.

प्रतिसाद १
बरं, 'सोलणे' मागे घेतो. पण शीर्षकात 'फिल्म सोडवणे' नको, गणिताच्या तासाला बसल्यासारखं वाटतं. उशीची खोळ आपण चढवतो आणि उतरवतो. 'जुनी फिल्म उतरवणे' लिहा, आत खुशाल सोडवा.

प्रतिसाद ४
एक पुरवणी. टिश्यू कागद आणि डोप (कागद ताठ करणारं लॅकर) लावलेल्या जुन्या पंखांना हे शब्द लागू नाहीत. तिथे गरम करून काही सुटत नाही. थिनरने डोप भिजवून मऊ करावा लागतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेल्या कुणाच्या हाती असा पंख लागला तर घोळ नको.

धागाकर्ता
ठरलं: शीर्षकात 'उतरवणे', कृतीत 'सोडवणे', चिकट्यासाठी 'पुसणे'. लीडिंग एजला 'पुढची कड' केलंय. आता रिबेला 'बरगडी' करू का?

प्रतिसाद ३
रिबच ठेवा. हॉबीच्या दुकानात पोराने बरगडी मागितली तर दुकानदार त्याला समोरच्या मटणवाल्याकडे पाठवेल.